बोळकीचे दात

माझ्या नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. पंचेचाळिशी उलटली, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय, तरी भावंडांत धाकटी म्हणून अजून बारकीच. गल्लीत मात्र ती कवळीताई, कारण ती कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो हिच्याकडे येतो आणि हिच्याकडून दात परत जातात. पेशंटनं हिला कधी पाहिलेलं नसतं, हिनं पेशंटला पाहिलेलं नसतं. कवळी झकास बसली तर ती कवळी आहे हेच कुणाला कळत नाही, मग कुणी केली हे विचारणार कोण? बिघडली तर मात्र शिव्या घालायला हिचा पत्ता बरोब्बर सापडतो.

आता ही बाई सुट्टीच्या दिवशी काय करत असेल असं वाटतं तुम्हाला? राक्षस करते. हसू नका, खरंच सांगते.

आमच्याकडे एक खेळ चालतो. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही तिच्या कामाच्या खोलीत टेबलाभोवती बसतो. एक जण सूत्रधार होतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. तुम्ही जंगलात आहात, समोर पडका पूल आहे, काय करता? ज्याला जे सुचेल ते त्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार बहुतेक वेळा आमचे हे. शेजारचा चावीवाला जादूगार होतो. मी दिवसभर पाणीखात्यात तक्रारींच्या फोनवर बसते आणि लोकांचं वाट्टेल ते ऐकून घेते, म्हणून मी कुऱ्हाडवाली. दिसेल त्याला हाणायचं, हा माझा खाक्या. सोमवारी फोन उचलताना आवाज कसा लोण्यासारखा मऊ निघतो.

पूर्वी राक्षस आमचे हेच करायचे. ह्यांचे राक्षस म्हणजे नुसती भरताड. सात डोकी, बारा हात, शेपटीला काटे, वर तोंडातून आग. एका रविवारी बारकीनं चष्मा पुसत विचारलं, "दादा, तोंडं सात आणि पोट एक. मग आधी जेवतं कोण?"

चावीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आणि पुढचे सगळे सुळेच दिलेस," ती पुढे म्हणाली. "सुळ्यांनी फाडता येतं, चावता येत नाही. दाढा कुठायत? हा खातो काय, ते तरी ठरव."

"मग तूच कर ना, एवढं कळतंय तर," हे फणकारले. तिनं केला. तिथून आमच्या घरात राक्षसांचं खातं तिच्याकडे गेलं.

तिची रीत सगळ्या जगापेक्षा उलटी. आधी तोंड, मग राक्षस. काय खातो ते कळलं की कुठे राहतो ते कळतं, आणि कुठे राहतो ते कळलं की कशानं बिथरतो तेही कळतं, असं तिचं म्हणणं. ती खरोखरच गुलाबी मेणाचा जबडा बनवायची, त्यात दात बसवायची, उघडझाप करून बघायची आणि मगच लिहायला घ्यायची. एकदा तिनं फक्त मीठ चाटणारा राक्षस केला होता. घाम आला की तो मागे लागायचा. आम्ही त्याला घाबरून पळालो की आणखी घाम यायचा. त्या रविवारी मी खुर्चीत बसल्या बसल्या ओली झाले होते, आणि पंखा चालू होता.

या खेळाची पुस्तकं काढणारी एक कंपनी आहे. नवीन राक्षसांचं पुस्तक निघायचं असलं की ते बाहेरच्या लोकांकडूनही राक्षस मागवतात. बारकीनं एक पाठवला, परत आला. "लवकर मरतो," असा शेरा. दुसरा पाठवला, तोही परत. "नुसताच भयंकर आहे," म्हणे. मला असा संताप आला, की नुसताच भयंकर म्हणजे काय ते त्या कंपनीला फोन करून समजावून सांगायची माझी तयारी होती. बारकीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"वहिनी, ते बरोबर म्हणतायत," ती म्हणाली. "आता एक शेवटचा करते. तोही नाही चालला, तर बास झालं."

"बास म्हणजे? रविवारी आम्ही काय भजनं म्हणायची?"

"तुम्ही माझी माणसं आहात गं. तुम्ही वाहवा करणारच. मला येतं म्हणून करता, का मी बारकी म्हणून करता, हे मला कळायला नको? परक्या माणसाला एकदा तरी माझ्या हातचं काही बघून धडकी भरायला हवी. नाही भरली तर उगाच कशाला स्वतःला फसवायचं?"

ती हे अगदी शांतपणे बोलली. बारकी चिडली तर चिडते आणि विसरते. शांत बोलली, की ते काळ्या दगडावरची रेघ.

नंतर बरेच आठवडे ती नुसतीच जबडे करून मोडत होती. एका दुपारी मी तिच्या खोलीत बसून कुरकुर करत होते, की मागच्या खेळात माझी कुऱ्हाड फुकट गेली, राक्षस एका घावात मेला, हात तसाच शिवशिवतोय. ती कुणाच्या तरी कवळीचं काम करत होती. मऊ मेणात एक दात दाबला, अंगठ्यानं कडेनं मेण सारखं केलं, आणि मध्येच थांबली. बघते तर बाईसाहेब त्या दाताकडे टक लावून बसल्या आहेत.

"वहिनी, तू मारलेली कुऱ्हाड परत आलीच नाही तर?"

"म्हणजे?"

"हिरडीत रुतून बसली. आणि तोच तिचा दात झाला."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तिच्याही आला असणार, कारण तिनं ते कवळीचं काम बाजूला सरकवलं, आणि कामाच्या वेळेत तिनं असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

अशी बोळकी जन्माला आली. बोळकी म्हणजे भुयारात वाट अडवून बसलेली एक थोराड, म्हातारी राक्षसीण. तोंडात एकही दात नाही. त्यामुळे ती कुणाला खाऊ शकत नाही, नुसती आ वासून भुकेनं कण्हत बसते. तिला मारलं, की मारलेलं हत्यार तिच्या हिरडीत रुततं आणि तिचा दात होतं. तलवार मारा, तलवारीचा दात. भाला मारा, भाल्याचा. जितकं माराल तितकी ती चावरी होणार, आणि दात सगळे तुम्हीच दिलेले. तिच्यापासून सुटका एकाच गोष्टीनं होते. कुणीतरी रिकामा हात तिच्या तोंडात घालायचा. रिकाम्या हाताला ती चावत नाही. तोंडातलं सगळं सोडून देते आणि बाजूला सरते.

आमच्या टेबलावर ती पहिल्यांदा आली तेव्हा मी अर्थातच कुऱ्हाड हाणली. पुढे माझं काय झालं ते विचारू नका.

बारकीनं बोळकी पाठवून दिली, आणि कंपनीनं या वेळी बोलावणं धाडलं. एका मोठ्या सभागृहात चाचणी होती. प्रत्येक टेबलावर चार अनोळखी खेळाडू आणि कंपनीचा सूत्रधार. राक्षस करणाऱ्यानं मागे खुर्चीवर बसून फक्त बघायचं. एक शब्द बोलला तर चाचणी रद्द. पुस्तक घरोघर जाईल तेव्हा करणारा काही शेजारी बसून समजावणार नाही, म्हणून हा नियम. नियम चांगलाच होता, पण तो पाळायचा म्हणजे काय असतं ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. सोबत एका माणसाला परवानगी होती. हे येतो म्हणत होते, पण मी आधीच चपला घालून उभी होते.

आमच्या टेबलावर एक बसड्रायव्हर होता, चांगला आडवातिडवा. एक नर्स, एक वकील आणि कॉलेजातली एक मुलगी. सूत्रधार म्हणजे सर्दीनं बेजार झालेला एक पोरगेला तरुण. बारकीनं लिहिलेला कागद त्याच्या हातात. त्या कागदाचे दोन भाग असतात. वरचा भाग खेळाडूंना मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि खालचा, चौकटीतला, सूत्रधारानं मनातल्या मनात वाचायचा. राक्षसाचं गुपित त्या चौकटीत असतं.

त्यानं नाक पुसलं आणि वाचायला घेतलं. भुयार, ओल, कण्हण्याचा आवाज, ते बोळकं तोंड. छान वाचत होता मेला. ड्रायव्हर पुढे सरकून बसला. वरचा भाग संपला आणि हा बाबा थांबलाच नाही. त्याच सुरात खाली उतरला. मारलेलं हत्यार दात होतं. रिकाम्या हाताला ती चावत नाही. शेवटचा शब्द वाचून झाल्यावर त्याला चौकट दिसली. तोंड पांढरंफटक पडलं त्याचं.

बारकीनं माझं मनगट धरलं. अशी नखं रुतवली की काय सांगू. माझ्या डोक्यात तिडीक गेली, वाटलं उठावं आणि त्याला त्याच्या रुमालासकट उचलून बाहेर ठेवावं. पण ओरडले असते तर मीच सगळं घालवलं असतं. इतक्या दिवसांची मेहनत आणि गेली की एका शिंकऱ्या माणसाच्या पायी. आता उठतील, हात घालतील आणि घरी जातील.

"थांबा," वकील म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून सूत्रधाराकडे रोखून पाहिलं. "हे आपल्याला मुद्दाम सांगितलंय."

"मुद्दाम कशाला सांगतील?" नर्स म्हणाली.

"अहो, गुपित कुणी असं वाचून दाखवतं का? आपण हात घालावा म्हणून सांगितलंय. हात घातला की गेला. मी इतकी वर्षं कोर्टात काढली आहेत, समोरचा आपणहून देतो ते कधी घ्यायचं नसतं."

"पटतंय," ड्रायव्हर म्हणाला. "मी तलवार मारतो."

आणि मारली. फासा टेबलावर गरगरला, घाव बरोब्बर लागला. सूत्रधारानं हळू आवाजात सांगितलं, की तलवार परत येत नाहीये. हिरडीत रुतली आहे. आणि म्हातारीनं जबडा मिटून पाहिलाय, बसतो का म्हणून.

ड्रायव्हरनं स्वतःच्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मी त्याचं तोंड बघत होते. गड्याला खरंच हात रिकामा वाटला होता.

"त्यांनी हेच तर सांगितलं होतं," नर्स म्हणाली.

"तीच तर मेख आहे," वकील म्हणाले. "निम्मं खरं सांगायचं, म्हणजे उरलेलं निम्मं आपण डोळे मिटून मानतो." आणि त्यांनी भाला फेकला. तोही रुतला. आता वर एक, खाली एक. पुढच्या डावात बोळकी ड्रायव्हरला चावली, त्याच्याच तलवारीनं. वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यांची अक्कल कोर्टात चालत असेल, भुयारात पार पाण्यात गेली.

आता सगळ्यांना पटलं होतं की कागदावर होतं ते सगळं खरं आहे. रिकामा हात घालायचा, की सुटका. चौघांनाही ठाऊक, आणि चौघांतलं एकही जण हात घालायला तयार नाही. तुम्ही घाला. नाही, तुम्ही घाला. तुमची तलवार आहे, तुम्ही काढा. वकील म्हणाले, मी कागदपत्रं बघतो. आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. कंपनीच्या संपादक बाई हिंडत हिंडत आल्या आणि आमच्या मागे येऊन थांबल्या. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. गुपित फुटलं होतं, सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं, तरी ती म्हातारी त्यांना घाबरवत होती. बारकी श्वास घ्यायची विसरली होती बहुतेक.

शेवटी नर्स उठली. बाही कोपरापर्यंत सारली आणि खरोखरचा हात टेबलावर पुढे केला, तळवा उघडा. "मी रोज लोकांच्या तोंडात हात घालते," ती म्हणाली. "चावतात कधी कधी."

"फासा टाकू?" मुलीनं विचारलं.

"फासा नको," सूत्रधार म्हणाला. सर्दीबिर्दी विसरला होता. "हिरड्या ऊन आहेत. मऊ आहेत. तुमचा हात कोपरापर्यंत आत गेलाय. ती जबडा मिटत नाही. तलवार सुटली. भाला सुटला. ती बाजूला सरकते आहे."

ड्रायव्हरनं टेबलावर अशी थाप मारली की फासे उडाले. वकील नर्सचा हात हातात घेऊन हलवायला लागले. वाट मोकळी झाली होती, खेळ संपला होता. बारकीनं माझं मनगट सोडलं आणि मी ते चोळत बसले.

तेवढ्यात ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मी नाही येत पुढे. मी मागे वळते."

"का?" सूत्रधारानं विचारलं.

"ती उपाशीच राहिली ना. आपण जाऊ निघून, पण तिनं खायचं कसं? मी माझी सुरी तिला देते. मारत नाही. नीट हिरडीत बसवून देते."

सूत्रधारानं कागद वर पाहिला, खाली पाहिला, उलटून पाहिला. असं काही लिहिलेलंच नव्हतं. बारकीच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. तो गोंधळून खुर्चीत वळला आणि सरळ बारकीला विचारता झाला, "ताई, आता काय होतं?"

संपादक बाई मागे उभ्या. एक शब्द, आणि चाचणी रद्द. बारकीचं तोंड उघडलं. तिला माहीत होतं हो, त्या क्षणी तिला लख्ख सुचलं होतं, मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी मनात म्हटलं, बाई गं, आज तेवढं तोंड मीट. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि जोरजोरात मान हलवली. नाही. मी नाही सांगणार. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसतही होती.

सूत्रधार पुन्हा टेबलाकडे वळला. मग म्हणाला, "तिनं सुरी घेतली. आजवर तिला सगळ्यांनी मारूनच दिलंय, त्यामुळे तिला कळत नाहीये काय करावं. तिनं पहिल्यांदाच निवांत तोंड मिटलं. आणि तुम्ही भुयारातून बाहेर पडलात, तेव्हा ती तुमच्या मागे चालत होती. चावायला नाही. सोबत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रायव्हरनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि तो घामच पुसत होता असं मी तरी म्हणणार नाही. चौघंही खुर्च्यांवरून उठायला तयार नव्हते. वेळ संपल्याची घंटा झाली तरी पुढे काय, पुढे काय, हेच चाललं होतं.

संपादक बाई पुढे झाल्या. केस पिकलेल्या, बोलणं नीटस. "आता तुम्ही बोलू शकता," त्या बारकीला म्हणाल्या. "मला हा राक्षस पुस्तकात हवाय. फक्त ते शेवटचं लिहून द्या. कुणी प्रेमानं हत्यार दिलं तर ती सोबत येते, एवढं चौकटीत घाला."

मी देवाचे आभार मानायला हात जोडलेच होते, तेवढ्यात बारकी म्हणाली, "ते नको लिहायला."

ज्या बाईनं डॉक्टरांना जन्मात कधी नाही म्हटलं नाही, तिला नाही म्हणायला आजचा मुहूर्त सापडला. हातातोंडाशी आलेला घास, आणि हिची ही तऱ्हा.

"लिहिलं नाही तर सूत्रधार अडतो," बाई म्हणाल्या. "आज अडलाच ना?"

"अडला म्हणून तर झालं," बारकी म्हणाली. "लिहिलंत तर सगळेच देतील. ती सोबत यावी म्हणून देतील. या मुलीला ती उपाशी दिसली, म्हणून तिनं दिली. ते राहू द्या ना तसंच. मला स्वतःला माहीत नव्हतं. हे नाही चालणार असेल तर..." पुढचं तिला बोलवेना.

बाईंनी कागद घेतला. चौकटीतला मजकूर पुन्हा वाचला, सावकाश, ओठ हलवत. त्या मुलीकडे पाहिलं. ती अजून ड्रायव्हरला सांगत होती, की बोळकीला आधी मऊ काहीतरी भरवू, एकदम चावायला जमणार नाही तिला. बाईंनी पेन उघडलं आणि कागदाच्या तळाशी टेकवलं.

"नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"बोळकी," बारकी म्हणाली. "लिहिलंय ना वर."

"तिचं नाही हो. तुमचं. पानाखाली छापायचंय."

बारकी माझ्याकडे बघायला लागली, जणू ते मीच सांगायचं होतं. मग तिनं घसा साफ केला, ताठ उभी राहिली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.